किडनी जपायची म्हणून हृदयाची झडप बदलणे लांबवायचे का? एक प्रकरण अभ्यास

किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक) वाढला की सगळ्यांची नजर आधी किडनीकडेच जाते. रिजेक्शन आहे का, म्हणजे शरीर परकी किडनी नाकारते आहे का, ते रोखणारे टॅक्रोलिमस हे औषध जास्त झाले का, लघवीची वाट कुठे तुंबली का? प्रश्न बरोबरच आहेत आणि ते विचारायलाच हवेत. इथे वर्णन केलेल्या रुग्णात मात्र दोष किडनीच्या बराच वर, हृदयातून रक्त बाहेर पडते त्या दारातच, म्हणजे महाधमनीच्या झडपेत होता. तो सापडल्यावरही "किडनीला धक्का नको, थोडे थांबू" असे म्हणणारे बरेच होते. माझे मत सुरुवातीलाच सांगते: अशा रुग्णाची किडनी वाचवायची असेल तर झडप वेळेत बदलावी लागते. किडनीच्या काळजीपोटी झडप लांबवली, तर ती काळजीच किडनीच्या मुळावर येते.

रुग्ण अभ्यासासाठी रचलेला आहे. त्याची लक्षणे, तपासण्या आणि आकडे अशा आजारात जसे दिसतात तसे ठेवले आहेत.

रुग्ण

वय ६१, पुरुष. आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या आजारामुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या, पाच वर्षे हिमोडायलिसिस झाले, आणि बारा वर्षांपूर्वी मोठ्या बहिणीची किडनी उजव्या बाजूला ओटीपोटात बसवली. मधुमेह नाही. डाव्या दंडातला डायलिसिसचा फिस्टुला (धमनी थेट शिरेला जोडून केलेली वाट) अजून चालू. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. अकरा वर्षे क्रिएटिनिन १.३ ते १.४ च्या पुढे कधी गेला नव्हता.

चार महिन्यांपासून जिना चढताना दम लागू लागला. एकदा घाईने चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीचा आधार घ्यावा लागला. पायांवर सूज, वजन तीन किलोंनी वाढलेले. क्रिएटिनिन आधी १.८ आणि मग २.२, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता साधारण ५७ वरून ३३ वर आलेली. रक्तदाब १०४/७०. आयुष्यभर रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाचा रक्तदाब आपोआप "छान" होऊ लागला, तर त्यावर समाधान मानू नये. इथे नेमके तेच झाले होते. दोन महिन्यांपूर्वी एक गोळी कमी केली गेली आणि तेवढ्यावर विषय संपला.

पहिली फेरी: किडनीकडून सुरुवात

ठरल्याप्रमाणे तपासण्या झाल्या. टॅक्रोलिमसची गोळी घेण्याआधीची पातळी ६.१ नॅनोग्रॅम, म्हणजे इतक्या वर्षांनी असावी तेवढीच. लघवीतले प्रथिन पूर्वीइतकेच, लघवीत रक्तपेशी नाहीत. दात्याविरुद्धची प्रतिपिंडे नाहीत. बसवलेल्या किडनीला इजा करणारा बीके विषाणू नाही. सोनोग्राफीत किडनीला सूज नाही, लघवीचा मार्ग मोकळा.

मग डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, झाला आणि इथे प्रकरणाने वळण घेतले. बसवलेल्या किडनीच्या धमनीतली रक्ताची लहर सावकाश चढणारी आणि बुटकी दिसली. अशी लहर दिसली की पहिला संशय त्या किडनीच्याच धमनीचा: टाक्यापाशी ती आखडली असावी. पुढची पायरी बहुधा कॉन्ट्रास्ट (धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचे द्रव, जे किडनीला त्रासदायक ठरू शकते) घालून अँजिओग्राफी आणि जमल्यास स्टेंट. त्या दिशेने विचार सुरूही झाला होता.

रेडिओलॉजिस्टने मात्र प्रोब उचलून डाव्या जांघेतल्या धमनीवर ठेवला. ती धमनी किडनीच्या विरुद्ध बाजूची, तिला शस्त्रक्रियेचा स्पर्शही झालेला नाही. तिथेही लहर तशीच सावकाश आणि बुटकी. मग मानेतल्या दोन्ही धमन्या पाहिल्या, तिथेही तेच. एका जागची धमनी आखडली असती तर लहर फक्त तिच्या पुढे बिघडली असती. सगळीकडे सारखीच बिघडली, याचा अर्थ अडथळा सगळ्यांच्या मागे, उगमाशी. अहवालात शेवटची ओळ होती: "हृदयाच्या झडपेची तपासणी करावी." पाच मिनिटांच्या जास्तीच्या तपासणीने एक अनावश्यक स्टेंट आणि त्यासोबतचा कॉन्ट्रास्ट टळला. बसवलेल्या किडनीचा डॉपलर करणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या पायाची धमनीही बघावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर काय ऐकू आले? मोठा, खरखरीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, मानेपर्यंत जाणारा. तो आजचा नव्हता. डायलिसिसच्या काळातल्या कागदांवर त्याची नोंद होती, "फिस्टुला आणि रक्तक्षयामुळे" अशी. फिस्टुला असलेल्या रुग्णात असा मर्मर खरेच ऐकू येतो, म्हणून ती नोंद तेव्हा अगदीच चूक नसेल. अडचण ही की एकदा कारण लिहिले गेले की पुढची दहा-पंधरा वर्षे ते कोणी पुन्हा तपासत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीच्या झडपेतून रक्ताचा वेग सेकंदाला २.४ मीटर होता, म्हणजे झडप थोडी आखडलेली. सर्वसाधारण रुग्णात अशा झडपेचा इको तीन ते पाच वर्षांनी करतात. डायलिसिसवर राहिलेल्यांत कॅल्शियम आणि फॉस्फरसचा तोल वर्षानुवर्षे बिघडलेला असतो, पॅराथायरॉइड ग्रंथी वाढलेल्या राहतात आणि प्रत्यारोपणानंतरही सगळे पूर्ववत होतेच असे नाही. झडपेवर चुना लवकर चढतो. त्यांच्यासाठी तीन-पाच वर्षांचे अंतर मला फार वाटते.

हृदयाचा हिशेब

इको झाला. झडपेचे क्षेत्रफळ ०.७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तीव्र आखडलेली; एकच्या खाली तीव्र मानतात. पण वेग ३.७ मीटर आणि सरासरी दाबाचा फरक ३४ मिमी पारा. तीव्र म्हणायला वेग ४ आणि फरक ४० तरी हवा. एक आकडा तीव्र म्हणतो, दुसरे दोन मध्यम. हृदयाची आकुंचनक्षमता ४५ टक्के. दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने ३३ मिलिलिटर, ३५ च्या खाली. हृदय थकल्यामुळे झडपेतून रक्तच कमी जात होते, म्हणून दाबाचा फरक दिसत नव्हता.

अशा वेळी हृदयाचा जोर वाढवणारे डोब्युटामिन देऊन इको करता येतो. या रुग्णात सोपा आणि कमी त्रासाचा मार्ग निवडला: कॉन्ट्रास्टविना सीटी स्कॅन करून झडपेवरच्या कॅल्शियमची मोजणी. पुरुषांत आकडा २००० च्या वर गेला की झडप तीव्र आखडलेली असण्याचा संभव बराच, ३००० च्या वर जवळजवळ नक्की. स्त्रियांसाठी हे आकडे १२०० आणि १६०० आहेत. यांचा आकडा ३१०० आला. किडनीला काडीचाही त्रास न देता निदान पक्के झाले. त्याच स्कॅनमध्ये आणखी दोन गोष्टी कळल्या: महाधमनी सुरुवातीला ४१ मिमी रुंद होती, आणि शस्त्रक्रियेत चिमटा लावायच्या जागी तिच्या भिंतीत चुना नव्हता. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत झडप जन्मतः तीनऐवजी दोन पाकळ्यांची निघाली, आणि दोन पाकळ्या जुळलेल्या रेघेवर कॅल्शियमचा जाड थर.

आता फिस्टुलाकडे वळू. या प्रकरणातला तो दुर्लक्षिलेला भाग आहे. हृदय दर ठोक्याला ५६ मिलिलिटर रक्त टाकत होते, ठोके ८८, म्हणजे मिनिटाला सुमारे ४.९ लिटर. आकडा कागदावर ठीक दिसतो. फिस्टुलातला प्रवाह मोजला तर मिनिटाला १.१ लिटर. हे रक्त धमनीतून थेट शिरेत जाते आणि कोणत्याही अवयवाला न पोचता हृदयाकडे परत येते. मेंदू, स्नायू, किडनी या सगळ्यांच्या वाट्याला उरतात ३.८ लिटर. त्यात शिरांमधला दाब वाढलेला, म्हणजे किडनीतून रक्त बाहेर पडायलाही अडचण. पुढून दाब कमी आणि मागून तुंबलेले. क्रिएटिनिन का वाढला हे सांगायला यानंतर रिजेक्शनची गरज उरत नाही.

तरीही किडनीची बायोप्सी करून घ्यावी का, यावर चर्चा झाली. प्रतिपिंडे नाहीत, प्रथिन वाढलेले नाही, पातळी ठीक. शिवाय तीव्र आखडलेल्या झडपेतून जाताना रक्त गोठवणाऱ्या व्हॉन विलेब्रँड घटकाचे मोठे रेणू तुटतात आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढते. किडनीत सुई घालताना हे विसरून चालत नाही. बायोप्सी पुढे ठेवली. झडप बदलल्यावर सहा आठवड्यांत क्रिएटिनिन उतरला नाही तर करायची, असे लेखी ठरले.

थांबावे की करावे

थांबण्याच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नव्हता. हार्ट-लंग मशीनवर किडनीला इजा होते, क्रिएटिनिन आधीच २.२ आहे, शस्त्रक्रियेनंतर डायलिसिस लागले आणि किडनी परत जागी झालीच नाही तर? पाणी कमी होण्याच्या गोळ्या देऊन आधी क्रिएटिनिन १.६-१.७ पर्यंत आणू, मग बघू.

पण तो खाली येणार कसा? गोळ्यांनी सूज उतरते, झडप रुंद होत नाही. इथे प्रयत्न करून पाहिला: वजन दोन किलोंनी उतरले, दम थोडा कमी झाला, क्रिएटिनिन २.२ वरच. लक्षणे सुरू झालेली तीव्र आखडलेली झडप फार वाट बघत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात, शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ठेवलेले निम्मे रुग्ण एका वर्षात दगावले. ते रुग्ण यांच्याहून बरेच वयस्कर आणि आजारी होते हे खरे, पण आजाराची वाट कुठे जाते ते त्यातून दिसते. आणि किडनीला रक्त कमी पडत राहिले तर सुरुवातीला परतवता येणारी इजा पुढे कायमची होते. आज २.२ आहे म्हणून थांबलो तर तीन महिन्यांनी ३ असेल, आणि तेव्हा शस्त्रक्रियेचा धोका आजच्यापेक्षा जास्त असेल.

रुग्णाने या चर्चेत एकच प्रश्न विचारला: "ताईची किडनी जाईल का?" स्वतःच्या जिवाबद्दल नाही, किडनीबद्दल. जिवंत दात्याकडून अवयव घेतलेल्यांचा हा प्रश्न आम्हाला नेहमी भेटतो आणि त्याला सरळ उत्तर द्यावे लागते. सांगितले ते असे: "शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डायलिसिस लागण्याची शक्यता आहे, कायमचे लागण्याची थोडी आहे. न केल्यास किडनी जाण्याची शक्यता त्याहून जास्त आहे, आणि त्याआधी तुम्हाला काही होण्याची भीती आहे." त्यांनी होकार दिला. ताईंनाही बोलावून हेच सांगितले, कारण त्यांनाही ते ऐकण्याचा हक्क होता.

कोणती वाट, कोणती झडप

पायातून नळीने झडप बसवण्याची पद्धत, टावी, २००२ साली फ्रान्समधल्या रूआँ इथे आलँ क्रिबिए यांनी प्रथम माणसात वापरली. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ती पहिल्या नजरेत आदर्श वाटते: छाती उघडायची नाही, हार्ट-लंग मशीन नाही, जखम नाही. वय ७५ असते तर मी बहुधा तिकडेच झुकले असते. इथे तीन गोष्टी आडव्या आल्या. झडप दोन पाकळ्यांची आणि जुळलेल्या रेघेवर भरपूर कॅल्शियम. अशा ठिकाणी नळीने बसवलेली झडप नीट उघडत नाही, कडेने गळते किंवा महाधमनीचे मूळ फाटण्याची भीती राहते. दुसरे, वय ६१. ६५ च्या आतल्या रुग्णाला साधारणपणे शस्त्रक्रियाच सुचवली जाते. तिसरे, टावीच्या आखणीसाठी लागणारा कॉन्ट्रास्टचा सीटी, आणि मग प्रत्यक्ष प्रक्रियेतला कॉन्ट्रास्ट.

धातूची की जैविक? धातूची झडप झिजत नाही, पण आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला पुढे बायोप्सी लागू शकते, त्वचेच्या गाठी काढाव्या लागतात, किडनी गेली तर डायलिसिसच्या सुया रोजच्याच. रक्त पातळ ठेवून हे सगळे करणे अवघड, आणि किडनी कमजोर झाल्यावर वॉरफेरिनमुळे रक्तवाहिन्यांतला चुना वाढण्याची भीती वेगळीच. जैविक झडप किडनीच्या रुग्णात लवकर झिजू शकते, हेही तितकेच खरे. निर्णय जैविक झडपेचा झाला, पण एका अटीवर: पहिलीच झडप इतकी मोठी बसवायची की दहा-बारा वर्षांनी ती झिजल्यावर तिच्या आत टावीची झडप बसू शकेल. छोटी झडप बसवून आज वेळ वाचवला तर उद्याची ती वाट बंद होते. दोन पाकळ्यांच्या झडपेचे कडे सहसा मोठे असते, त्यामुळे २५ मिमीची झडप मूळ न रुंदावता बसेल असा अंदाज होता. ४१ मिमीची महाधमनी तशीच ठेवायची ठरली, ४५ च्या वर असती तर तीही बदलली असती.

तयारी

हृदयाच्या धमन्या पाहणे टाळता येत नव्हते. प्रश्न होता, नळी घालायची कुठून? डाव्या हातात फिस्टुला. उजव्या मनगटाची धमनी पुढे कधी नवा फिस्टुला करावा लागला तर हवी, म्हणून तिला हात लावायचा नाही. उजव्या जांघेवरच्या धमनीलाच बसवलेली किडनी जोडलेली. राहिली डावी जांघ. तिथून २८ मिलिलिटर कॉन्ट्रास्टमध्ये काम आटोपले, धमन्यांत लक्षणीय अडथळा नव्हता. कॉन्ट्रास्टआधी भरपूर सलाइन देण्याचा नेहमीचा उपाय अशा हृदयाला पेलत नाही, तेव्हा बेतानेच दिले. मग पाच दिवस थांबून क्रिएटिनिन पुन्हा पाहिला, २.२ च. अँजिओग्राफीच्या दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया लावून किडनीवर दोन घाव एकापाठोपाठ घालण्याची घाई करू नये.

दात तपासले, एक सडलेले मूळ काढले. हिमोग्लोबिन १०.९ होते, लोहाची इंजेक्शने दिली. यामागचे कारण फक्त अशक्तपणाचे नव्हते. बाहेरचे रक्त जितके कमी चढेल तितकी नवी प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता कमी, आणि पुढे दुसरी किडनी शोधायची वेळ आली तर जुळणी सोपी राहते. नाकात स्टॅफिलोकोकस जंतू सापडला, त्यासाठी मुपिरोसिन. रुग्ण सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधांवर असता तर ते आधीच थांबवून टॅक्रोलिमसवर आणावे लागले असते, कारण त्या औषधांनी जखम भरत नाही आणि छातीचे हाड जुळायला अडचण येते.

शस्त्रक्रियेचा दिवस

सकाळची टॅक्रोलिमसची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली. भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, पुढे दोन दिवस दर आठ तासांनी ५०. बारा वर्षे स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी अशा ताणाला स्वतःहून उत्तर देतीलच असे नाही. किडनीला इजा करणारे जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरले नाही.

मशीनवरचा प्रवाह ठरवताना फिस्टुला पुन्हा हिशेबात घेतला. या आकारमानाच्या माणसाला दर चौरस मीटरमागे २.४ लिटर धरले तर ४.१ लिटर होतात. मशीनवरही फिस्टुला आपला वाटा ओढतच राहतो, म्हणून त्याचे १.१ मिळवून प्रवाह ५.२ ठेवला. सरासरी दाब ७५ च्या आसपास. बसवलेल्या किडनीचे मज्जातंतू कापलेले असतात, वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब पाहिलेला असतो, तिला ५५-६० वर चालवून बघण्यात अर्थ नाही. दाबाइतकेच महत्त्व पोचणाऱ्या ऑक्सिजनला. दर चौरस मीटरमागे मिनिटाला २८० मिलिलिटरच्या खाली तो गेला की किडनीला इजा वाढते. शरीराला मिळणारा प्रवाह २.४ असताना हिमोग्लोबिन ८ च्या खाली घसरले की ही रेषा ओलांडली जाते. म्हणून मशीनच्या नळ्या आखूड ठेवल्या, आत भरायचे द्रव कमी केले, सांडलेले रक्त धुऊन परत दिले. सर्वांत कमी हिमोग्लोबिन ८.४. बाहेरचे रक्त लागले नाही. २५ मिमीची झडप बसली. महाधमनीला चिमटा ७१ मिनिटे, मशीनवर एकूण ९६ मिनिटे.

नंतरचे दिवस

क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी २.६ झाला. वॉर्डात अस्वस्थता पसरली, पण लघवी ताशी दर किलोमागे ०.७ मिलिलिटर होत होती. अशा वेळी हात आखडता ठेवणे महत्त्वाचे. टॅक्रोलिमस एकदम बंद करून किडनीला "आराम" देण्याचा मोह होतो; त्यात रिजेक्शनचे दार उघडते. पातळी रोज पाहिली, ५ ते ६ च्या दरम्यान ठेवली. श्वासाची नळी असेपर्यंत औषध नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने दिले, शिरेतून नाही, कारण शिरेतून त्याचा विषारी परिणाम जास्त होतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि थोडे ओपिऑइड. केटोरोलॅक, डायक्लोफेनॅक या किडनीला त्रासदायक वेदनाशामकांवर फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने फुली.

तिसऱ्या दिवशी पहाटे हृदयाचे ठोके १४० आणि अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हे नेहमीचे. नेहमीचा नसलेला भाग औषधांचा. ठोके आवरायला डिल्टियाझेम लिहिले गेले होते, आणि औषध विभागाने ते खाली पाठवण्याआधी फोन केला. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यकृतातले टॅक्रोलिमस मोडणारे एन्झाइम अडवतात. दोन दिवसांत पातळी दुप्पट होऊ शकते, आणि नुकत्याच सावरणाऱ्या किडनीला तेवढे पुरेसे आहे. एमिओडेरोनही पातळी वाढवते, आणि ते शरीरात आठवडेच्या आठवडे राहत असल्याने तो परिणाम औषध बंद केल्यावरही रेंगाळतो. मेटोप्रोलॉल दिले. मग कोणीतरी मॅग्नेशियम पाहिले: १.४. टॅक्रोलिमस लघवीतून मॅग्नेशियम घालवते, त्यात लघवीच्या गोळ्यांची भर. ते आणि पोटॅशियम भरून काढले, आणि दुसऱ्या दिवशी, ४८ तास उलटायच्या आत, छोटा विजेचा झटका देऊन लय परत आणली. एमिओडेरोनची गरज पडली नाही. पडली असती तर टॅक्रोलिमसचा डोस आधीच कमी करून पातळी दिवसाआड पाहिली असती.

आठव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाशी दोन थेंब पाणी दिसले. ताप नाही. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पण त्या स्टेरॉइडनेही वाढतात. एवढ्याने कोणी थांबले असते. रुग्ण म्हणाले, "कालपर्यंत खोकताना दुखत नव्हते, आज दुखते." प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात ताप येईल याची वाट बघायची नसते, दुखणे वाढले हीच खूण. नमुना घेतला, छातीचे हाड हलत नव्हते, संसर्ग वरवरचा निघाला. स्टॅफिलोकोकस, साध्या सेफॅलोस्पोरिनला दबणारा. किडनीप्रमाणे डोस बेतला आणि मायकोफेनोलेट दहा दिवस निम्म्यावर आणले. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड तसेच ठेवले. संसर्गात प्रतिकारशक्ती सैल सोडायची तर पहिली कात्री मायकोफेनोलेटला, हा क्रम बहुतेक ठिकाणी पाळतात आणि मला तो योग्य वाटतो.

क्रिएटिनिन पाचव्या दिवशी २.१, दहाव्या दिवशी १.७, सहा आठवड्यांनी १.५. राखून ठेवलेली बायोप्सी करावी लागली नाही. आकुंचनक्षमता ५५ टक्के. रक्तदाब १३८/८२ झाला आणि आधी कमी केलेली गोळी परत सुरू करावी लागली.

दुसरे अवयव असते तर

हे सगळे किडनीला जसेच्या तसे लागू. यकृत बसवलेल्या रुग्णात औषधे तीच, पण रक्त गोठण्याकडे आणि यकृताच्या शिरांतल्या दाबाकडे जास्त लक्ष. हृदय बसवलेल्यांची अडचण निराळी: रिजेक्शन तपासण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून वारंवार तुकडे घेताना तिथल्या त्रिदल झडपेचे धागे तुटतात आणि ती गळू लागते. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी बसवली, १९६० मध्ये आल्बर्ट स्टार यांनी माणसाच्या हृदयात चेंडूची झडप टाकली. त्या काळात एकाच माणसाला दोन्ही लागतील इतके आयुष्य नव्हते. रिजेक्शन रोखणाऱ्या सायक्लोस्पोरिन आणि त्यानंतरच्या औषधांनी ते मिळवून दिले, आणि म्हणून हे रुग्ण आता आपल्यासमोर येत राहणार.

घरी जाताना

वॉरफेरिन तीन महिने, नंतर फक्त ॲस्पिरिन. दातांच्या कामाआधी ३० ते ६० मिनिटे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम; पेनिसिलिनची ॲलर्जी असती तर ॲझिथ्रोमायसिन लिहिले असते, क्लॅरिथ्रोमायसिन नाही, तेही टॅक्रोलिमस वाढवते. हा फरक डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून दिला, कारण दंतवैद्याला टॅक्रोलिमसची माहिती असेलच असे नाही. बुरशीची औषधे आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन यांच्याबद्दलही तशीच सूचना: पहिले पातळी वाढवते, दुसरे इतकी पाडते की आठवड्या-दोन आठवड्यांत रिजेक्शन येऊ शकते.

फिस्टुला तसाच ठेवला. शस्त्रक्रियेनंतर डायलिसिस लागले असते तर तोच कामी आला असता, म्हणून आधी बांधण्याचा विचार केला नाही. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन १.५ वर स्थिर राहिला आणि प्रवाह १.५ लिटरच्या पुढे गेला, तर तो बांधायचा की अरुंद करायचा हे रुग्णाशी बोलून ठरेल. झडपेचा इको वर्षातून एकदा, आणि पॅराथायरॉइड, कॅल्शियम, फॉस्फरस दर तीन महिन्यांनी.